धाकट्याची सरकती झोप

२ फेब्रुवारी

मापांची वही मी पुढून भरते. आज पहिल्यांदाच मागून उघडली. पुढच्या बाजूला लोकांच्या कमरा आणि बाह्या, मागच्या बाजूला आमच्या घरातली गोष्ट. कुणाला सांगण्यासारखी नाही म्हणून इथे.

दुपारी धाकट्याच्या कचेरीतून फोन आला. तो इस्पितळात टाइपिंग करतो. डॉक्टर लोक आपले अहवाल यंत्रात बोलून ठेवतात, हा कानाला लावून ऐकतो आणि टाइप करतो. नजर जाऊन अकरा वर्षं झाली, पण बोटं अशी चालतात की बघणारा बघतच राहतो. त्याच्या प्रमुख बाई म्हणाल्या, "तुमचे भाऊ टेबलावर डोकं ठेवून झोपले होते. डोकं टाइपिंगच्या कळांवर. दोन पानं नुसता 'म' उमटलाय."

मी म्हटलं, बरं नसेल. त्या म्हणाल्या, "आठवड्याभरात तिसऱ्यांदा."

संध्याकाळी मी त्याला विचारलं, तर म्हणाला, "डुलकी लागली गं ताई."

सेहेचाळीस वर्षांचा माणूस, आणि उत्तर शाळेतल्या पोरासारखं. मला कारण माहीत आहे. डिसेंबरमध्ये दुसरा डोळा काढला, तेव्हापासून तो रुसलाय. माझ्यावर.

३ फेब्रुवारी

आज शहाण्यासारखा लवकर उठला. मी स्वयंपाकघरात आले तर साहेब अंघोळ करून, बूट घालून खुर्चीवर हजर. अंथरुणावर एक सुरकुती नव्हती. कालच्या बोलण्याचा परिणाम झाला म्हणायचा. कधी कधी कान उपटावेच लागतात.

चहा पिताना कप दोनदा बशीच्या बाहेर ठेवला. तसं तो कधी करत नाही.

७ फेब्रुवारी

झोपला सकाळी साडेआठला, उठला दुपारी साडेतीनला. सुटीचा दिवस.

मी मुद्दाम भांडी आपटली. शिवणयंत्र त्याच्या दाराशी ओढून दोन जाड पॅंटी शिवल्या. हूं नाही की चूं नाही. उठल्यावर म्हणाला, "ताई, मी आळस करत नाही. झोप माझ्या अंगावर येऊन पडते. आणि रात्री बोलवली तरी येत नाही."

मी म्हटलं, "दिवसा लोळलास तर रात्री कशी येईल?"

त्याने मान हलवली. वाद घालत नाही हल्ली. पूर्वी घालायचा तेव्हा घर भरलेलं वाटायचं.

आजपासून त्याच्या झोपेच्या वेळा लिहून ठेवणार. समोर आकडे ठेवले की माणूस वरमतो, हा माझा गिऱ्हाइकांचा अनुभव. पोट वाढलेलं कुणी कबूल करत नाही, टेप दाखवली की करतं.

उपायही सुरू केले आहेत. दुपारनंतर चहा बंद. रात्री गरम दूध. तळपायाला तेल. रेडिओ माझ्या कपाटात.

१२ फेब्रुवारी

आज फार वाईट झालं.

सकाळी अकराच्या सुमाराला त्याला अशी गुंगी आली की गुडघ्याच्या ऑपरेशनच्या कागदात 'उजवा' ऐकून 'डावा' टाइप केलं. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनी आदल्या तपासणीशी ताडून बघितलं म्हणून कळलं. कुणाला इजा झाली नाही. पण व्हायला कितीसा वेळ लागला असता.

प्रमुख बाईंनी लेखी ताकीद दिली. ऑपरेशनचे कागद त्याच्याकडून काढून घेतले. मार्चअखेरपर्यंत सुधारणा दिसली नाही तर दुसरा माणूस घेणार. त्यांनी तेही आवाज न चढवता सांगितलं म्हणे. त्याचंच त्याला जास्त लागलंय.

घरी आला तो थेट आपल्या खोलीत. मी दाराशी उभी राहिले. आतून म्हणाला, "ताई, एखाद्याचा चांगला पाय कापला असता."

"कापला नाही ना."

"माझ्यामुळे नाही. दुसऱ्या कुणाच्या लक्षामुळे."

पाणी ठेवून आले.

१५ फेब्रुवारी

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी झोपेची गोळी दिली. रात्री दहाला घेतली. बारापर्यंत जडपणे पडून राहिला, मग जागाच, वर जीभ अडखळायला लागली. तीन दिवस बघू म्हणाले आहेत. धाकटा म्हणतो, झोप नाही, नुसतं कुणीतरी डोक्यात कापूस भरल्यासारखं वाटतं.

२६ फेब्रुवारी

झोपला संध्याकाळी सहाला, उठला पहाटे दोनला.

हे नवीनच. आता दिवसा डुलक्या नाहीत, पण कामावरून आला की तासाभरात गायब. म्हणजे मी जेवायला ताट मांडते आणि त्याचं दार बंद. सलग तीन दिवस. मला एवढं कळत नाही का? समोरासमोर बसायला नको, म्हणून जेवणाच्या वेळीच झोपायचं. इतका राग असेल तर तोंडाने बोल ना बाबा.

आज मी लिहूनच टाकते. दुसरा डोळा काढायचा की ठेवायचा, हे विचारायला डॉक्टरांनी आम्हा दोघांना बसवलं होतं. काचबिंदूने नजर केव्हाच गेली होती, पण दुखणं थांबत नव्हतं. दोन आठवडे तो भिंतीला कपाळ टेकून बसलेला. डॉक्टरांनी त्याला विचारलं. तो गप्प. मी म्हटलं, "दिसत तर नाहीच. काढून टाका. नुसता दुखायला ठेवून काय उपयोग?"

मग त्याने सही केली. मी बोट धरून रेघ दाखवली.

८ मार्च

झोपला रात्री अकराला, उठला सकाळी साडेसहाला. चार दिवस झोप रात्रीचीच.

दूध कामाला आलं. मी म्हणतच होते. तळपायाचं तेलही असेल. कचेरीत एकही चूक नाही, प्रमुख बाईंनी स्वतः फोन करून सांगितलं.

आज सुटी, म्हणून कालव्याच्या काठाने फिरायला गेलो. त्याने माझ्या कोपराला हात लावला होता आणि बडबड चालू होती. शेजारच्या टेबलावरचा माणूस टाइप करताना नाकातून गाणं म्हणतो, त्याची नक्कल करून दाखवली. मी इतकी हसले की एका बाईने वळून बघितलं. मग बाकावर बसलो. त्याने तोंड वर केलं.

"ऊन डाव्या गालावर आहे," म्हणाला. "म्हणजे तोंड दक्षिणेला, आणि अजून दहा वाजले नाहीत."

बरोबर होतं. पावणेदहा.

मी विचारलं, "माझ्यावर राग आहे का रे?"

"कशाबद्दल?"

"काही नाही. असंच."

विचारायचं ते राहूनच गेलं. पण दिवस चांगला गेला. उगाच उकरायचं कशाला.

१६ मार्च

झोपला रात्री तीनला. जबरदस्तीने साताला उठवला.

परत सुरू.

दूध तेच, तेल तेच, मी तीच. मग काय बिघडलं? सकाळी त्याच्या अंगावरचं पांघरूण ओढलं आणि नको ते बोलले. म्हटलं, "तुला स्वतःची लाज नाही, निदान माझी तरी कदर कर." तो बसला. पायाने चपला शोधल्या. म्हणाला, "मी वसतिगृहात चौकशी करू का ताई? अंधांसाठीच्या. तुझी तरी झोप होईल."

चप्पल पलंगाखाली गेली होती. मी काढून त्याच्या पायाशी ठेवली. दिवसभर सुई बोटात जात होती.

२० मार्च

आज जे दिसलं ते नीट लिहून ठेवते.

पुढच्या खोलीतल्या माझ्या दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. वहीतले आकडे घेऊन बसले. गेले सहा आठवडे काही दिवस सविस्तर लिहिलं, बाकीचे नुसते आकडे: कधी डोळा लागला, कधी उठला, कामावर असेल तर गुंगी किती वाजता आली. आकड्यांकडे बघून काही कळेना. मला कागदावर कापलेलं दिसलं तरच कळतं.

म्हणून साच्याचा खाकी कागद जमिनीवर अंथरला. एक इंच म्हणजे एक तास, चोवीस इंचांची एक पट्टी म्हणजे एक दिवस. प्रत्येक दिवसाखाली दुसरा दिवस. झोपेचा भाग खडूने भरत गेले.

जिना झाला.

पट्टी दर दिवशी अर्धा इंच उजवीकडे सरकलेली. एक दिवस नाही, रोज. टोकाला गेली की डाव्या बाजूने परत आत. मधले ते चार चांगले दिवस म्हणजे जिना रात्रीवरून नुसता जाता जाता गेला होता. दूध नाही, तेल नाही.

माणूस रुसला तर असा मोजून अर्ध्या अर्ध्या तासाने रुसत नाही.

एवढी वर्षं लोकांना सांगते, आधी माप घ्या, मग कापा.

२४ मार्च

कागदाची गुंडाळी घेऊन प्रमुख बाईंकडे गेले. वाटलं होतं हसतील. त्यांनी शांतपणे बघितला आणि म्हणाल्या, "वरच्या मजल्यावर झोपेच्या डॉक्टर बसतात. मी आत्ता बोलते त्यांच्याशी." धाकटा तेव्हा साफसफाईच्या खोलीशेजारी आरामखुर्चीत झोपला होता. त्याला उठवलं नाही.

डॉक्टर माझ्या भाचीच्या वयाची. टेबलावर कागद मावेना, तर तिने तो फरशीवर पसरला आणि स्वतः गुडघ्यावर बसली. बोटाने पायऱ्या मोजत गेली.

"मावशी, हे तुम्ही काढलंत?"

म्हटलं, "शिवणकाम करते."

"हे आम्ही यंत्र लावून काढतो," म्हणाली. मग मला समोर बसवून सांगितलं. प्रत्येकाच्या मेंदूत एक घड्याळ असतं, आणि बहुतेकांचं चोवीस तासांपेक्षा जरा जास्तच चालतं. रोज उजेड डोळ्यांत गेला की ते पुन्हा जागेवर येतं. अंधार पडला की मेंदूतून मेलाटोनिन नावाचं द्रव्य सुटतं, ते सगळ्या शरीराला कळवतं की रात्र झाली. उजेडाने ते थांबतं. ज्याला उजेड पोचतच नाही, त्याचं घड्याळ आपल्या चालीने चालत राहतं. तुमच्या भावाचा दिवस साडेचोवीस तासांचा आहे. त्यात त्यांचा दोष नाही.

मी म्हटलं, "पण त्याला ऊन कळतं. गालावर कळतं."

"गालावर गरम लागतं. मेंदूला उजेडाची बातमी फक्त डोळ्यांतून जाते."

"मग तो अकरा वर्षं आंधळाच आहे. अकरा वर्षं नीट झोपत होता."

तिने विचारलं, कधीपासून बिघडलं. मी सांगितलं, डिसेंबरनंतर. तिने फाईल उघडली, वाचली, आणि डिसेंबरच्या पानावर थांबली. तेव्हाच मला कळलं.

"बघण्याच्या पेशी वेगळ्या," ती म्हणाली, "आणि दिवस-रात्र कळवणाऱ्या वेगळ्या. काही लोकांची नजर पूर्ण जाते, तरी दुसऱ्या पेशी शाबूत राहतात. तुमच्या भावाचं तसं होतं का, ते आता तपासता येणार नाही. पण असावं."

"म्हणजे तो डोळा काम करत होता."

"दिसण्याचं नाही."

"पण करत होता."

"हो," ती म्हणाली. "दुखणं खरं होतं मावशी. काढणं चुकलं असं मी म्हणणार नाही. आधी हे तपासून तुम्हाला सांगायला हवं होतं, एवढं मात्र म्हणेन."

बाकीचं ऐकलं, पण कानाच्या बाहेरून. रोज ठरावीक वेळी मेलाटोनिनची बारीक गोळी द्यायची. उजेड जे सांगत होता ते आता गोळी सांगेल. पण आत्ता नाही. जिना फिरून रात्रीवर आला की तिथेच धरायचा, म्हणजे एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास. तोवर ती कचेरीला पत्र देईल.

घरी येताना धाकट्याला सगळं सांगितलं. घड्याळ, साडेचोवीस तास, गोळी. तो रस्त्यातच थांबला. "म्हणजे मी आळशी नाही?" असं दोनदा विचारलं.

डोळ्याचं सांगितलं नाही.

३१ मार्च

प्रमुख बाईंनी मार्चअखेरची मुदत उठवली. बोलून ठेवलेले अहवाल कधीही टाइप करता येतात, म्हणून ऐकायचं-टाइप करायचं यंत्र घरी दिलं. जागा असेल तेव्हा काम, झोप येईल तेव्हा झोप. मी त्यांच्या कोटाची अस्तरं बदलून दिली. पैसे देत होत्या, घेतले नाहीत.

आता आमच्या घरात धाकट्याचा दिवस चालतो. आज त्याने संध्याकाळी सहाला नाश्ता केला. मीही शेजारी बसून पुन्हा नाश्ताच केला. म्हणाला, "ताई, तू जाडी होशील." म्हटलं, "मीच शिवते, मीच उसवीन."

हसतो आहे. मी त्याच्याकडे बघते आणि पापण्यांच्या जागी बघवत नाही.

९ एप्रिल

आज त्याला झोपेच्या डॉक्टरांकडे नेलं. त्याने मला बाहेर थांबायला सांगितलं, म्हणे पुरुषाचे काही प्रश्न असतात. दहा मिनिटं आत होता.

परत येताना बसमध्ये एकदम विचारलं, "ताई, तू झोपतेस का गं नीट?"

"माझं काय बिघडलंय?"

"तुझं यंत्र पहाटे चालू असतं. ऐकतो मी."

म्हटलं, कामं तुंबली आहेत. त्याने माझा हात घेतला आणि उतरेपर्यंत सोडला नाही. लहानपणी शाळेत जाताना धरायचा तसा. कदाचित बस हलत होती म्हणून.

१७ एप्रिल

रोज ठरवते की आज सांगेन. रोज काहीतरी निमित्त होतं. आज एक लग्नाचा कोट घट्ट निघाला. खरं तर मला त्याचा चेहरा बघायचा नाही, ऐकताना.

दिसत नाही तर काय उपयोग, असं मी म्हटलं होतं. तोच बिचारा डोळा रोज सकाळी त्याला उजेड नेऊन देत होता.

२२ एप्रिल

झोप आपोआप साडेनऊला येऊ लागली. आज पहिली गोळी, नऊच्या ठोक्याला. शर्टाच्या बटणाच्याही निम्मी. मी डॉक्टरांना फोन करून विचारलं की एकच ना? एवढ्या मोठ्या माणसाला? ती म्हणाली, "मावशी, ही झोपवायची गोळी नाही. ही फक्त निरोप देते."

३० एप्रिल

थोडी सरकलीच. साडेदहा. मी घाबरले. धाकटा म्हणतो, कापड धुतल्यावर थोडं आटतंच ना, मग बसतं. माझी भाषा मलाच शिकवतो.

१६ मे

झोपला साडेदहाला, उठला साडेसहाला. सतरा दिवस.

नवीन कागदावर जिना नाही. सरळ पट्ट्या, एकाखाली एक. टेप लावून बघितलं, कुठेही पाव इंचाहून जास्त फरक नाही. सोमवारपासून कचेरीत जायचंय. ऑपरेशनचे कागद परत मिळणार आहेत, पहिला महिना दुसरं कुणी तपासेल. तो म्हणाला, तपासूच देत, मला हवंच आहे.

दुपारी दुकानात आला आणि स्टुलावर बसला. "ताई, ती वही वाचून दाखव."

"आकडे काय ऐकायचेत?"

"आकडे नाहीत नुसते. तू पानंच्या पानं लिहितेस. पेनाचा आवाज येतो."

वाचायला लागले. भांडी आपटल्याचं वाचलं, तो हसला. रुसण्याचं वाचलं, म्हणाला, "मला काय कळणार तुला असं वाटतंय." सव्वीस फेब्रुवारीला आले, तेव्हा अर्धंच वाचून पान उलटलं.

"पान लवकर उलटलंस."

"डाग पडलाय."

"डागासकट वाच."

वाचलं. 'काढून टाका' वाचलं. मग चोवीस मार्चही वाचलं, जे त्याला सांगितलं नव्हतं. सतरा एप्रिलपर्यंत वाचून वही मांडीवर ठेवली.

तो म्हणाला, "मला एप्रिलपासून माहीत आहे. मी डॉक्टरांना सरळ विचारलं होतं."

"मग बोलला नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबलो. नंतर वाटलं, ही तर झिजायला लागली." स्टूल पुढे ओढलं. "त्या दिवशी मी गप्प का होतो माहीत आहे? मला तो डोळा काढूनच हवा होता. दुखणं सहन होत नव्हतं. पण स्वतःच्या तोंडाने म्हणवेना. म्हटलं, ताई म्हणेल. तू म्हणालीस आणि मी मनातून सुटलो. ओझं तुझ्याकडे गेलं ते मला तेव्हाही कळलं होतं. उचललं मात्र नाही."

मी म्हटलं, "तो काम करत होता रे."

"करत होता. आणि दुखतही होता. दोन्ही खरंच." त्याने चाचपून माझ्या मांडीवरची वही मिटली. "आज विचारलं तर आज मी स्वतः म्हणेन, काढा. तू फक्त रेघ दाखव."

मग एक बाई पडदे घेऊन आल्या. आम्ही दोघांनी नाकं पुसली. त्या म्हणाल्या, सर्दीची साथच आहे.

१७ मे

आज मी सकाळी साडेनऊला उठले. मला आठवतं तसं आयुष्यात पहिल्यांदा. उन्हं भिंतीवरून खाली आलेली.

धावत पुढे आले. दुकानाचं दार उघडं. शटर त्याने वर केलं होतं, झाडूही मारला होता, कोपरे राहिले होते. आणि एप्रिलमधले लग्नाच्या कोटाचे गृहस्थ स्टुलावर गुडघे जुळवून बसलेले; कोट पुन्हा घट्ट झालेला, लग्न आजच.

मला बघून ते कुजबुजल्यासारखं म्हणाले, "अर्धा तास झाला. हे उठवूच देत नाहीत तुम्हाला."

धाकटा शिवणयंत्राला टेकून उभा होता, हातात चहाचा कप.

"झोपली होती ती," म्हणाला. "नवरदेव थांबेल. झाली का गं झोप?"

म्हटलं, "झाली."

कोट दहा मिनिटांत सैल करून दिला.